व्ही१३०९ वृश्चिक: दोन ताऱ्यांच्या विलीनीकरणाचं आधीपासून नोंदलं गेलेलं प्रकरण

२ सप्टेंबर २००८ रोजी कोइची निशियामा आणि फुजिओ काबाशिमा या जपानी हौशी निरीक्षकांच्या छायाचित्रांत वृश्चिक तारकासमूहात एक ठिपका उमटला. आधीच्या छायाचित्रांत तो नव्हता. इतर काही निरीक्षकांनाही तो स्वतंत्रपणे सापडला. अचानक उजळलेल्या ताऱ्याला ‘नोव्हा’ म्हणण्याचा रिवाज आहे, त्याप्रमाणे वृश्चिकेतला २००८ सालचा नोव्हा म्हणून त्याची नोंद झाली आणि बदलत्या ताऱ्यांच्या यादीत त्याला व्ही१३०९ वृश्चिक हे नाव मिळालं. आपल्यापासून अंदाजे दहा हजार प्रकाशवर्षांवर, आकाशगंगेच्या मध्याच्या दिशेला, ताऱ्यांनी खच्चून भरलेल्या भागात तो आहे. ऐन भरात असतानाही तो नुसत्या डोळ्यांना दिसण्याच्या मर्यादेच्या थोडा अलीकडेच राहिला. वृत्तपत्रांत मथळे यावेत असं त्यात काही नव्हतं.

पण वर्णपट घेणाऱ्यांना, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडून तपासणाऱ्यांना, लवकरच शंका यायला लागली. नोव्हा म्हणजे श्वेतबटू ताऱ्याच्या (विझलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या घट्ट गाभ्याच्या) पृष्ठभागावर साठलेल्या हायड्रोजनचा अणुस्फोट. त्यात वायू सेकंदाला हजार किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगाने बाहेर पडतो, आणि स्फोट ओसरत जातो तसतसा आतला तापलेला भाग उघडा पडून एकूण प्रकाश अधिक निळसर, अधिक उष्ण होत जातो. इथे उलटंच चाललं होतं. वर्णपटातल्या हायड्रोजनच्या रेषांची रुंदी सेकंदाला जेमतेम दीडशे किलोमीटरचा वेग दाखवत होती. शिवाय तारा दिवसेंदिवस थंड होत होता. सुरुवातीला एफ वर्गाच्या पिवळट राक्षसी ताऱ्यासारखा दिसणारा हा प्रकार महिन्याभरात एम वर्गाचा, म्हणजे तांबडाभडक, होऊन बसला. हे लक्षण आधी दोन-तीन ठिकाणी दिसलेलं होतं: १९९४ मध्ये धनू तारकासमूहातल्या व्ही४३३२मध्ये आणि २००२ मध्ये शृंगाश्व तारकासमूहातल्या व्ही८३८मध्ये. या मंडळींना ‘लाल नोव्हा’ म्हणतात. दोन तारे एकमेकांत मिसळल्यामुळे असं होत असावं, हा तर्क व्ही८३८साठी २००३ पासून मांडला जात होता. पण तो तर्कच होता. स्फोटाआधी तिथे खरोखर दोन तारे होते, हे कुणी दाखवू शकलं नव्हतं.

व्ही१३०९च्या बाबतीत ते दाखवता आलं. म्हणून हे प्रकरण तपशिलात पाहण्यासारखं आहे.

स्फोटाआधीची नोंदवही

चिलीतल्या लास कॅम्पानास वेधशाळेत वॉर्सा विद्यापीठाची १.३ मीटरची दुर्बीण आहे. तिच्यावर ‘ओगल’ नावाचा प्रकल्प चालतो. आंद्रे उदाल्स्की त्याचे प्रमुख. प्रकल्प सुरू झाला १९९२ मध्ये आणि हेतू अगदी वेगळा होता: एखादी न दिसणारी वस्तू दूरच्या ताऱ्यासमोरून गेली तर तिच्या गुरुत्वाकर्षणामुळे त्या ताऱ्याचा प्रकाश काही काळ वाढतो, अशा घटना शोधायच्या. त्या दुर्मीळ असल्यामुळे तारे जिथे दाटीवाटीने आहेत असे आकाशाचे तेच ते तुकडे रात्रीमागून रात्र टिपत राहावे लागतात. त्यांतल्याच एका तुकड्यात, कुणाचंही लक्ष नसलेला, हा तारा होता.

त्यामुळे २००८ मधला स्फोट झाल्यावर पोलंडमधले खगोलशास्त्रज्ञ रोमुआल्ड टायलेंडा यांनी आणि ओगलच्या मंडळींनी जुनी मोजमापं उघडली, तेव्हा ऑगस्ट २००१ पासूनची त्याची तेजस्विता आयती हाती आली. दोन हजारांच्या आसपास मोजमापं. दरवर्षी सूर्य त्या दिशेला आला की काही आठवडे खंड पडायचा, बाकी नोंद सलग. २०११ मध्ये त्यांचा शोधनिबंध आला.

आलेखातली पहिली गोष्ट म्हणजे लय. ताऱ्याचा प्रकाश सुमारे १.४४ दिवसांच्या आवर्तनाने वरखाली होत होता आणि प्रत्येक आवर्तनात दोन उंचवटे होते. जवळजवळ चिकटून फिरणाऱ्या जोडताऱ्याची ही ओळखीची खूण आहे. दोन्ही तारे एकमेकांच्या ओढीने लांबट झालेले असतात, एका फेरीत त्यांची रुंद बाजू आपल्याकडे दोनदा येते, म्हणून दोन उंचवटे. शिवाय इथे दोघांचं बाहेरचं वायूचं आवरण एकच झालेलं होतं. अशा जोडीला संलग्न जोडतारा म्हणतात. आकाशात असे जोडतारे पुष्कळ आहेत, पण बहुतेकांचं आवर्तन एका दिवसापेक्षा कमी असतं. इथे ते जास्त होतं, कारण मोठ्या ताऱ्याच्या गाभ्यातला हायड्रोजन संपून तो फुगायला लागला होता.

दुसरी गोष्ट अधिक बोलकी. आवर्तनकाळ स्थिर नव्हता. २००२ मध्ये तो १.४३८ दिवस होता, २००७ संपताना १.४१९ च्या आसपास. फरक सव्वा टक्क्याचा, म्हणजे प्रत्येक फेरीमागे जेमतेम पंचवीस-सत्तावीस मिनिटांचा. पण ताऱ्यांच्या मानाने हा वेग भलताच आहे. संलग्न जोडताऱ्यांचे आवर्तनकाळ बदलतात ते साधारणपणे लाखो वर्षांच्या मापाने. इथे सहा वर्षांत पंचवीस मिनिटं गेली, आणि घट दरवर्षी आदल्या वर्षापेक्षा जास्त होती.

किती जवळ आले असतील ते? नंतरच्या संगणकीय प्रतिमानांनी मोठ्या ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या १.५२ पट आणि छोट्याचं ०.१६ पट धरलं आहे. ते मानलं तर केप्लरच्या नियमाने दोघांच्या केंद्रांमधलं अंतर सूर्याच्या त्रिज्येच्या ६.४ पट, म्हणजे सुमारे ४४ लाख किलोमीटर येतं. आवर्तन सव्वा टक्क्याने घटलं म्हणजे अंतर पाऊण-एक टक्क्याने घटलं: ३५ ते ४० हजार किलोमीटर. सहा वर्षांत एवढंच. उरलेलं सगळं अंतर त्यांनी पुढच्या वर्षभरातच तोडलं.

पंचवीस मिनिटं कुठे गेली

‘ताऱ्यांची टक्कर’ म्हटलं की दोन गोळे समोरासमोरून येऊन आदळताना डोळ्यांपुढे येतात. तसं होणं आकाशगंगेच्या आपल्यासारख्या भागात जवळपास अशक्य आहे. सूर्याचा व्यास १४ लाख किलोमीटर, आणि सगळ्यात जवळचा तारा ४० लाख कोटी किलोमीटरवर. गोलाकार तारकागुच्छांच्या गाभ्यात, जिथे दाटी फार आहे, तिथे अशा थेट धडका होतात, आणि गुच्छाच्या वयाला न शोभणारे निळे तारे काही अंशी त्यातूनच तयार झालेले असावेत. पण इतरत्र जे तारे एकमेकांत मिसळतात ते जन्मापासूनचे सोबती असतात. त्यांना आदळायला लांबून यावं लागत नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळाच असतो: एकमेकांभोवती फिरायचं थांबायचं कसं?

फिरणं थांबायचं तर कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याच्या गतीचा साठा, कुठेतरी द्यावा लागतो. तो आपोआप नाहीसा होत नाही. या प्रकरणात खरं काय घडलं हे समजून घ्यायचं असेल तर स्फोटाच्या झगमगाटापेक्षा या संवेगाच्या देण्याघेण्याकडे पाहिलं पाहिजे, असं मला वाटतं.

पहिला टप्पा फार संथ. ताऱ्यांमधून वाहणारा वारा त्यांच्या चुंबकीय क्षेत्रात अडकून दूरवर ओढला जातो आणि थोडाथोडा संवेग घेऊन जातो. अब्जावधी वर्षं हे चालतं, दोघं हळूहळू जवळ येतात. जवळ आल्यावर वस्तुमानही एकाकडून दुसऱ्याकडे वाहतं. बडा आणखी बडा होतो, छोटा आणखी छोटा. शेवटी उरते १.५२ विरुद्ध ०.१६ अशी विषम जोडी.

इथे जॉर्ज डार्विन यांचा संबंध येतो. चार्ल्स डार्विन यांचे हे चिरंजीव भरती-ओहोटीच्या गणिताचे जाणकार होते. चंद्र आणि पृथ्वी यांच्या संदर्भात १८७९ मध्ये त्यांनी एक गोष्ट दाखवली. दोन गोल एकमेकांना जखडलेले आहेत, म्हणजे स्वतःभोवतीची फेरी आणि कक्षेतली फेरी सारख्याच वेळात पूर्ण होते आहे, असं धरा. कक्षा थोडी आक्रसली की फेरीचा वेळ कमी होतो. जखडलेपण टिकवायचं तर मोठ्या गोलालाही स्वतःभोवती जास्त वेगाने फिरावं लागतं. त्यासाठी लागणारा जादा संवेग येणार कक्षेतूनच. कक्षेतून तो काढला की कक्षा आणखी आक्रसते, आणि मोठा गोल पुन्हा मागे पडतो. सोबती पुरेसा वजनदार असेल तर हे कुठेतरी थांबतं. पण मोठ्या गोलाच्या स्वतःच्या फिरण्यातला संवेग कक्षेतल्या संवेगाच्या एकतृतीयांशाहून जास्त झाला की समतोलाची जागाच उरत नाही. मग मागणी कधीच भागत नाही आणि कक्षा कोसळते.

हे या जोडीला लावून बघण्यासारखं आहे. सूर्याची त्रिज्या आणि वस्तुमान ही एककं घेऊ. दोघांचा फेरीचा वेग सारखाच असल्यामुळे संवेगांऐवजी नुसत्या जडत्वांची (वस्तुमान गुणिले अंतराचा वर्ग, अशा मापाची) तुलना पुरते. कक्षेचं जडत्व म्हणजे १.५२ आणि ०.१६ चा गुणाकार भागिले त्यांची बेरीज, म्हणजे ०.१४५, गुणिले ६.४ चा वर्ग. उत्तर सहाच्या आत-बाहेर. त्याचा तिसरा हिस्सा दोन. आता मोठा तारा: त्याची त्रिज्या सूर्याच्या साडेतीनपट धरली आणि वस्तुमान आत किती एकवटलंय याचा गुणांक ०.१ धरला, तर १.५२ गुणिले १२.२५ गुणिले ०.१, म्हणजे १.९. ठोकळ आकडे आहेत, गुणांक थोडा इकडेतिकडे होऊ शकतो. पण जोडी डार्विनच्या उंबरठ्यावर उभी होती एवढं त्यातून पुरेसं दिसतं. मोठा तारा म्हातारपणी फुगत होता. त्रिज्येचा वर्ग त्या गणितात असल्यामुळे थोडंसं फुगणंही महागात पडतं.

२००७: स्फोटाआधी प्रकाश मंदावला

आलेखाचा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग हाच, कारण तो अपेक्षेच्या उलट जातो. लवकरच स्फोट होणार असलेला तारा २००७ मध्ये चक्क मंद झाला. सुमारे एका प्रतीने (प्रत हे ताऱ्यांचं तेज मोजायचं माप), म्हणजे तेज पूर्वीच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास उतरलं.

त्याच सुमारास आलेखाचा आकारही बदलला होता. २००२ मध्ये दोन्ही उंचवटे बरोबरीचे होते. पुढे त्यांतला एक वर्षागणिक बुटका होत गेला आणि २००७ मध्ये तो दिसेनासाच झाला. आता एका फेरीत एकच उंचवटा.

टायलेंडा यांच्या गटाने सुरुवातीला असा अर्थ लावला की आतला छोटा तारा मोठ्याच्या आवरणापेक्षा वेगाने फिरायला लागला, घर्षणाने एक बाजू तापली आणि म्हणून एक उंचवटा मोठा दिसायला लागला. २०१४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ ओंद्रे पेखा यांनी दुसरं स्पष्टीकरण मांडलं, आणि ते मला अधिक पटतं, कारण त्यात कक्षेची घट, मंदावणं आणि आकाराचा बदल या तिन्ही गोष्टी एकाच कारणातून निघतात. जोडताऱ्याभोवती गुरुत्वाकर्षण आणि फिरण्याचा जोर यांचा मेळ बसणारे काही बिंदू असतात. त्यांतला एक हलक्या ताऱ्याच्या पलीकडे, बाहेरच्या बाजूला असतो. सामाईक आवरण तिथपर्यंत भरलं की वायू त्या बिंदूतून सांडायला लागतो. गोफणीच्या टोकाला असलेला दगड जसा सगळ्यात जास्त जोराने सुटतो, तसा तिथून सुटणारा वायू आपल्या वाट्यापेक्षा कितीतरी जास्त संवेग घेऊन जातो. थोडा वायू गेला तरी कक्षा बरीच आक्रसते. कक्षा आक्रसली की आवरण आणखी भरून वाहतं, आणि गळती वाढते.

हा वायू सर्पिल फवाऱ्यासारखा पसरतो, कक्षेच्या पातळीत जाडसर कडं तयार करतो. बाहेर जाता जाता थंड होऊन त्यात धूळ गोठते. आपण त्या पातळीच्या जवळून पाहत असल्यामुळे ते कडं जोडीच्या आणि आपल्या मध्ये येतं. म्हणून मंदावणं. आणि गळतीचा फवारा एकाच बाजूने निघत असल्यामुळे फेरीतला एक उंचवटा जास्त झाकला जातो. डार्विनच्या अस्थैर्यामुळे सुरुवात झाली असो वा नसो, शेवटच्या वर्षांत कक्षेतून संवेग उपसण्याचं काम मुख्यतः या गळतीनेच केलं, असं या मांडणीतून निघतं.

सहा महिने आणि मग दहा दिवस

मार्च २००८ मध्ये तारा पुन्हा उजळायला लागला. अगदी गुळगुळीत, वाढत्या वेगाने. सुमारे सहा महिन्यांत तेज चाळीसपट झालं. या काळात १.४ दिवसांची लय नाहीशी झाली, कारण गळलेला वायू आता इतका दाट झाला होता की आतली जोडी दिसतच नव्हती. दिसत होता तो बाहेर सरकत जाणारा वायूचा अपारदर्शक पडदा. फिरणाऱ्या दोन ताऱ्यांची शेवटची खूण अशी त्यांनी स्वतःच झाकून टाकली.

मग ऑगस्टच्या उत्तरार्धात, साधारण दहा दिवसांत, तेज आणखी तीनशेपट वाढलं. चाळीस गुणिले तीनशे म्हणजे बारा हजार, किंवा खगोलशास्त्राच्या भाषेत दहा प्रती. सर्वोच्च क्षणी तो सूर्याच्या अंदाजे तीस हजारपट प्रकाश देत होता आणि त्याचा दिसणारा पृष्ठभाग सूर्याच्या त्रिज्येच्या शेकडो पट पसरला होता. सूर्याच्या जागी ठेवला असता तर पृथ्वी त्याच्या आत गेली असती.

त्या दहा दिवसांत आत काय चाललं होतं, ते संगणकीय प्रतिमानांवरूनच सांगता येतं. छोटा तारा लहान असला तरी मोठ्याच्या बाहेरच्या फुगीर थरांपेक्षा कितीतरी जास्त घन असतो. त्यामुळे तो लगेच फुटत नाही. तो त्या थरांतून फिरत, खरवडत, आत आत उतरतो, आणि गाभ्याजवळ पोहोचल्यावरच विस्कटतो. त्याच्या उतरण्याने सुटलेली ऊर्जा वरच्या थरांना बाहेर ढकलते. नताशा इवानोवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या गणितात सूर्याच्या वस्तुमानाचे काही शतांश एवढं द्रव्य कायमचं बाहेर फेकलं जातं. उरलेलं सगळं एकाच ताऱ्यात सामावतं.

सर्वोच्च तेजानंतर काही आठवडे प्रकाश फारसा न घटता टिकून राहिला. त्याचंही कारण याच गटाने २०१३ मध्ये मांडलं. बाहेर फेकलेला वायू पसरताना थंड होतो, साधारण पाच हजार अंशांजवळ त्यातले सुटे इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन पुन्हा जुळून हायड्रोजनचे अणू बनतात, त्या जुळण्यातून ऊर्जा सुटते आणि वायू पारदर्शक होतो. म्हणजे प्रकाश बाहेर पडतो तो या जुळणीच्या सीमेवरून, आणि सीमेचं तापमान ठरलेलं असल्यामुळे तेज काही काळ स्थिरावतं. काही प्रकारच्या महास्फोटांत तेज टिकून राहतं तेही याच कारणाने. फक्त इथे फुटलेलं काहीच नव्हतं.

ऊर्जेचा हिशेब

ज्यांना असं वाटतं की विलीनीकरणात सगळी ऊर्जा प्रकाशात जाते, त्यांच्यासाठी थोडं गणित. वरच्या वस्तुमानांनी आणि अंतराने कक्षेची बंधन-ऊर्जा (जोडी एकमेकांपासून सोडवायला लागेल एवढी ऊर्जा) काढली तर ती सूर्य सुमारे सहा लाख वर्षांत देईल एवढी येते. प्रत्यक्ष स्फोटात प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडलेली ऊर्जा सूर्याच्या दोन-तीन हजार वर्षांच्या प्रकाशाएवढी. म्हणजे एक टक्काही नाही. आणि छोटा तारा आणखी आत उतरताना सुटलेली ऊर्जा यात धरलेलीच नाही. बाकीची द्रव्य वर उचलण्यात, बाहेर फेकण्यात आणि नव्या ताऱ्याला फुगवण्यात खर्च झाली. आपल्याला जे दिसलं ते उरलंसुरलं होतं.

मागे काय उरलं

तारा लवकरच दृश्य प्रकाशात स्फोटाआधीच्या पातळीच्याही खाली गेला, अवरक्त प्रकाशात मात्र झळकत राहिला. याचा अर्थ सरळ आहे: धूळ. भोवतीच्या आवरणात ती मोठ्या प्रमाणात तयार झाली आणि आतला प्रकाश गिळून उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकायला लागली. त्या वायूच्या वर्णपटात अ‍ॅल्युमिनियम मोनॉक्साइडसारखे रेणू सापडले. क्रोमियमचा ऑक्साइडही सापडला, जो त्याआधी अवकाशात कुठेच ओळखला गेला नव्हता. चिलीतल्याच अल्मा या रेडिओ दुर्बीण-समूहाने पुढे या अवशेषाचं आणि त्याच्या दोन भावंडांचं, व्ही४३३२ आणि व्ही८३८ यांचं, निरीक्षण केलं. तिघांभोवतीही थंड रेणूंचे ढग अजून पसरत आहेत.

नवा तारा सुरुवातीला फुगलेला आणि थंड असतो. मिळालेली उष्णता बाहेर टाकत हजारो वर्षांत तो पुन्हा आक्रसतो. त्याच्याकडे जोडीच्या संवेगाचा मोठा वाटा राहिला असला तर आक्रसताना त्याने भन्नाट वेगाने फिरायला हवं, आणि जोराचा चुंबकीय वारा त्याला हळूहळू ब्रेक लावील.

हाच नमुना दुसरीकडे लावताना

व्ही१३०९मुळे बाकीच्या लाल नोव्हांचं कोडं बऱ्यापैकी सुटलं. व्ही८३८ सर्वोच्च क्षणी सूर्याच्या दहा लाखपटीच्या घरात पोहोचला होता आणि त्याच्या प्रकाशाचा प्रतिध्वनी भोवतीच्या धुळीवर उमटताना हबल दुर्बिणीने टिपला. ती छायाचित्रं खूप गाजली. तिथे मिसळलेले तारे जास्त वजनदार असावेत. १६७० मध्ये जंबूक तारकासमूहात दिसलेला ‘नवा तारा’, जो तीन शतकं नोव्हा म्हणून नोंदलेला होता, तोही आता अशाच कुठल्यातरी विलीनीकरणाचा अवशेष मानला जातो, जरी कोणत्या जातीचे तारे मिसळले याबद्दल एकमत नाही. २०१७ मध्ये गुरुत्वीय लहरींनी पकडलेली दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची धडक मात्र या पंगतीत बसत नाही. तिथे मेलेले, शहराएवढे तारे होते आणि कक्षेतला संवेग गुरुत्वीय लहरींनीच नेला.

आता उलटा प्रश्न: हा आलेख वापरून पुढचं विलीनीकरण आधीच सांगता येईल का? प्रयत्न झाला. हंस तारकासमूहात केआयसी ९८३२२२७ नावाचा संलग्न जोडतारा आहे, आवर्तन ११ तासांचं. अमेरिकेतल्या कॅल्व्हिन कॉलेजचे लॅरी मोल्नार यांच्या गटाला त्याच्या आवर्तनात तशीच वाढत्या वेगाची घट दिसली. व्ही१३०९साठी टायलेंडा यांनी बसवलेलं सूत्रच त्यांनी वापरलं आणि २०१७ च्या जानेवारीत जाहीर केलं की २०२२ च्या सुमारास हा तारा फुटेल. ताऱ्याचं मरण आधी सांगायची ही बहुधा पहिलीच वेळ. मोल्नार यांनी पडताळणीच्या कसोट्याही आधीच जाहीर केल्या होत्या, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं.

२०१८ मध्ये सॅन डिएगो स्टेट विद्यापीठाच्या क्वेंटिन सोशिया आणि सहकाऱ्यांनी २००३ ची एक जुनी, अप्रकाशित नोंद तपासली. भाकितानुसार ग्रहणाची, म्हणजे एका ताऱ्याने दुसऱ्याला झाकण्याची, जी वेळ यायला हवी होती ती जुळेना. शोध घेताना सापडलं की १९९९ च्या निरीक्षणांवरून काढलेली ग्रहणाची वेळ एका शोधनिबंधात बारा तासांनी चुकीची छापली गेली होती. आवर्तन ११ तासांचं आणि चूक १२ तासांची, म्हणून गणितात ती नुसती तासाभराची तफावत वाटली, आणि ती तफावत म्हणजेच वाढत्या वेगाची घट. चूक दुरुस्त केल्यावर भाकीत उरलं नाही. २०२२ आलं आणि गेलं, जोडी फिरतेच आहे.

छापील चूक हे तात्कालिक कारण. पण मला यात पद्धतीचीही एक अडचण दिसते. व्ही१३०९साठी बसवलेल्या त्या सूत्रात आवर्तन शून्यावर जाण्याची तारीख फेब्रुवारी २०१० च्या सुमाराची निघते. प्रत्यक्ष स्फोट झाला त्याच्या दीड वर्ष आधी. म्हणजे ज्या प्रकरणावरून सूत्र काढलं, त्याच प्रकरणात ते शेवटाचा दिवस सांगत नाही. ते फक्त उतरण कशी वाढत जाते एवढं सांगतं. गळती बेभान झाली की सूत्राची हद्द संपते.

शिवाय व्ही१३०९मध्ये खुणा तीन होत्या: आवर्तनातली वाढती घट, एका उंचवट्याचं विरघळणं आणि स्फोटाच्या वर्षभर आधीचं मंदावणं. पहिली खूण एकटी फसवू शकते, कारण दूर फिरणारा तिसरा तारा असला तरी प्रकाशाला यायला लागणारा वेळ कमीजास्त होऊन आवर्तन बदलल्यासारखं दिसतं. तिसरा तारा आलेखाचा आकार मात्र बदलत नाही आणि जोडीभोवती धूळही उभी करत नाही. म्हणून पुढच्या उमेदवाराची निवड करताना घड्याळापेक्षा उंचवट्यांकडे आधी पाहावं, आणि त्याच्या अवरक्त प्रकाशात वाढ आहे का ते तपासावं. आपल्या आकाशगंगेत व्ही१३०९च्या तोडीच्या घटना दर काही वर्षांनी एक अशा दराने होत असाव्यात. ओगलच्या साठ्यात संलग्न जोडताऱ्यांची वीस वर्षांहून जुनी मोजमापं आहेत, आणि चिलीतल्याच व्हेरा रुबिन वेधशाळेचं दहा वर्षांचं सर्वेक्षण त्यात भर घालील. एक उंचवटा झिजत चाललेली आणि त्याच वेळी मंदावत जाणारी जोडी त्यात सापडली, तर वर्णपटमापक तिच्यावर आधीपासून रोखून ठेवता येईल. व्ही१३०९च्या वेळी तो स्फोट झाल्यानंतर रोखला गेला होता.